बदल नको असलेल्या फाइली: सांगलीतल्या एका दूध-संकलन सॉफ्टवेअरचं प्रकरण

## पार्श्वभूमी

सांगलीतली एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी गावोगावच्या दूध संस्थांना संकलन यंत्रं आणि त्यावरचं सॉफ्टवेअर पुरवते. कंपनीची, संस्थेची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बांधणं) का रखडतंय ते पाहायला मला बोलावलं होतं; त्यातून जे उलगडत गेलं ते सविस्तर मांडावंसं वाटलं, कारण अशीच रचना मला आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या कंपन्यांत दिसते.

यंत्राचं काम साधं आहे. सकाळ-संध्याकाळ शेतकरी किटली घेऊन येतो, दूध काट्यावर मोजलं जातं, नमुना तपासणी यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफचे (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आकडे येतात, त्यावरून लिटरचा दर निघतो आणि छोट्या प्रिंटरमधून पावती बाहेर पडते. गायीच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात. त्याखाली उतरलं की प्रत्येक पॉइंटला ठरावीक पैसे कापले जातात. दर दहा दिवसांनी बिल निघतं. पेंडीची उधारी आणि सोसायटीचा हप्ता त्या बिलातून जातो, म्हणून पावतीवरचा एकेक आकडा लोक नीट वाचतात.

यंत्रावरचा प्रोग्रॅम सी++ मध्ये लिहिलेला. एका लिनक्स संगणकावर ‘मेक’ हे बांधणीचं साधन वापरून तो यंत्रातल्या एआरएम प्रोसेसरसाठी बांधला जातो. यंत्राची दोन मॉडेलं बाजारात आहेत, एक जुनं आणि एक नवं. दोघांचे फोल्डर वेगळे. पण कपातीचे नियम दोघांना एकच. ते नियम एका हेडर फाइलमध्ये, म्हणजे इतर फाइली आत घेतात अशा सामाईक फाइलमध्ये, होते. ती फाइल नव्या मॉडेलच्या फोल्डरमध्ये, आणि जुन्या मॉडेलच्या फोल्डरमध्ये तिच्याकडे बोट दाखवणारी सिम्बॉलिक लिंक. एकीकडे बदल केला की दोन्हीकडे लागू, असा त्यामागचा चांगला विचार.

कोड बऱ्याच वर्षांचा, बऱ्याच हातांचा. कुणी टॅब वापरलेले, कुणी चार स्पेस, कुणी महिरपी कंस पुढच्या ओळीवर घेतलेला. पुण्यातली नोकरी सोडून गावाकडे परतलेल्या एका तरुण प्रोग्रॅमरने क्लँग-फॉरमॅट आणायचं सुचवलं. एलएलव्हीएम प्रकल्पातलं हे साधन सी आणि सी++ कोड ठरवलेल्या शैलीत मांडून देतं. सुचवणं अगदी योग्य होतं. रिव्ह्यूमधली निम्मी चर्चा स्पेसवर जात होती.

त्याने एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली. फाइंड आज्ञेने सगळ्या सी++ आणि हेडर फाइली शोधायच्या, प्रत्येक फाइल क्लँग-फॉरमॅटमधून काढायची, निघालेला मजकूर तात्पुरत्या फाइलमध्ये ठेवायचा, आणि एमव्ही आज्ञेने ती तात्पुरती फाइल मूळ फाइलच्या जागी बसवायची. ही स्क्रिप्ट मेकच्या पहिल्याच पायरीला जोडली, म्हणजे बांधणी सुरू होण्याआधी कोड आपोआप सरळ होईल.

## अडचण

पहिल्या काही दिवसांत सगळे खूश होते. मग बिल्डचा वेळ वाढल्याचं हळूहळू ध्यानात आलं. पूर्वी एखाद्या फाइलमध्ये दोन ओळी बदलल्या तर मिनिटाभरात नवा प्रोग्रॅम हातात यायचा. आता कितीही छोटा बदल असो, सगळा प्रकल्प पहिल्यापासून बांधला जायचा, पाऊण तासाच्या आसपास. ‘बिल्ड लावलंय, चला चहा घेऊन येऊ’ हे ऑफिसातलं रोजचं वाक्य झालं. संगणक जुना झालाय, नवा घ्यावा लागेल, असं मालकांचं मत बनत चाललं होतं आणि त्यासाठी कोटेशनही मागवून झालं होतं.

दुसरी गोष्ट वाळवा तालुक्यातल्या एका गावातून आली. दोन भाऊ, वेगळे राहणारे. एक गावातल्या मुख्य केंद्रावर दूध घालतो, दुसरा मळ्यातल्या उपकेंद्रावर. गावात नवं मॉडेल, मळ्यात जुनं. एका सकाळी दोघांच्या पावत्यांवर फॅटही तेच आणि एसएनएफही तेच, ८.३, पण लिटरचा दर वेगळा. मळ्यातल्या भावाला कमी. त्याने दोन्ही पावत्या शेजारी शेजारी धरल्या आणि संस्थेच्या सचिवांना विचारलं, “आण्णा, दूध एकच, आकडे एकच, मग दर दोन कसे ओ?” सचिवांनी त्या पावत्यांचा फोटो कंपनीला पाठवला.

संस्थेने एसएनएफची कपात काही आठवड्यांपूर्वी कमी केली होती. कंपनीने तो बदल हेडर फाइलमध्ये केला, दोन्ही मॉडेलांसाठी नवं सॉफ्टवेअर बांधलं आणि पाठवलं. जुन्या मॉडेलमध्ये मात्र जुनीच कपात चालू राहिली होती.

तिसरी तक्रार ऑफिसातलीच. काही फाइली गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनात, सारख्या बदलत. एकाने कमिट करावं (बदल नोंदवावा), दुसऱ्याने बिल्ड लावावं की त्याच ओळी परत हलायच्या. संध्याकाळी पहिल्याच्या संगणकावर पुन्हा होत्या तशा.

या तिन्ही गोष्टींचा एकमेकांशी संबंध आहे असं तोवर कुणालाच वाटलं नव्हतं. बिल्डचं दुखणं हार्डवेअरच्या खात्यात, पावतीचं टेस्टिंगच्या खात्यात आणि हलणाऱ्या ओळींचं शिस्तीच्या खात्यात टाकलेलं होतं.

## निदान

मी सुरुवात मेकपासून केली. मेक फाइलच्या आत डोकावत नाही. तो फक्त वेळ पाहतो: स्रोत फाइल शेवटची कधी लिहिली गेली आणि तिच्यापासून तयार झालेली ऑब्जेक्ट फाइल कधीची. स्रोत नवी असेल तर पुन्हा कंपाइल (यंत्राच्या भाषेत रूपांतर). हेडरची वेळ नवी झाली, तर ते हेडर वापरणारी प्रत्येक फाइल पुन्हा कंपाइल. त्यामुळे ‘शेवटचा बदल’ ही वेळ म्हणजे बाकीच्या साधनांना दिलेला शब्द आहे: ही वेळ हलली तर आतलं काहीतरी बदललंय असं समजा.

स्क्रिप्ट तो शब्द दर वेळी मोडत होती. फाइल आधीच हवी तशी मांडलेली असली, क्लँग-फॉरमॅटने दिलेला मजकूर मुळाशी अक्षरशः जुळणारा असला, तरी तात्पुरती फाइल मूळ जागी बसवली जायची आणि वेळ आत्ताची व्हायची. पहिल्या मोठ्या साफसफाईनंतर जवळपास सगळ्याच फाइलींना कसलाही बदल नको होता. तरी रोज प्रत्येक फाइल नव्याने लिहिली जात होती आणि मेक इमाने इतबारे सगळं पुन्हा बांधत होता.

हे इतके दिवस लपून राहिलं ते गिटमुळे. गिट आपल्या इंडेक्समध्ये फाइलची वेळ, आकार वगैरे जपून ठेवतं, पण वेळ वेगळी दिसली की आतला मजकूर तपासतं. मजकूर तोच असेल तर ‘काही बदल नाही’ असं सांगतं. स्क्रिप्ट चालवून प्रोग्रॅमर गिटची स्थिती पाहायचे, यादी रिकामी दिसायची आणि स्क्रिप्टने काही हलवलेलं नाही अशी खात्री पटायची. गिटच्या लेखी शून्य बदल, मेकच्या लेखी झाडून सगळं नवं. दोघंही आपापल्या नियमाने बरोबर होते.

पावतीचं कोडं यापेक्षा गंभीर होतं आणि ते त्याच ओळीतून निघालं. एमव्ही आज्ञा सिम्बॉलिक लिंकच्या जागी फाइल ठेवते तेव्हा लिंक ज्या फाइलकडे बोट दाखवते ती फाइल बदलत नाही. लिंकच पुसली जाते आणि तिथे खरी, स्वतंत्र फाइल येते. जुन्या मॉडेलच्या फोल्डरमधली लिंक स्क्रिप्टच्या पहिल्याच फेरीत गेली. आतला मजकूर तोच, म्हणून काही बिघडल्याचं दिसलं नाही. गिटने ते सांगितलं होतं. त्या फाइलपुढे ‘टी’ हे अक्षर आलं होतं, म्हणजे फाइलचा प्रकार बदलला. पण ते पहिल्या साफसफाईच्या प्रचंड कमिटमध्ये होतं. हजारो ओळींच्या स्पेसबदलांत ते एक अक्षर रिव्ह्यू करणाऱ्याच्या नजरेतून सुटलं. त्या दिवसापासून कपातीचे नियम दोन ठिकाणी झाले. पुढे कपात कमी केली ती एकाच ठिकाणी.

मला इथे जे सर्वात बोचलं ते सांगतो. त्या हेडर फाइलला कसलाही बदल नको होता. ती आधीपासूनच नीट मांडलेली होती. स्क्रिप्टमध्ये ‘बदल नसेल तर हात लावू नको’ एवढी एक अट असती, तर ती लिंक जिवंत राहिली असती आणि मळ्यातल्या त्या माणसाचे पैसे कापले गेले नसते.

फाइंड आज्ञेला ‘फक्त साध्या फाइली’ असा टाइपचा पर्याय दिला असता तरी लिंक वाचली असती, कारण त्या पर्यायात लिंक यादीत येतच नाही. नावावरून शोधताना मात्र ती येते.

हलणाऱ्या ओळींचं कारण लवकर सापडलं. बिल्डच्या संगणकावर क्लँग-फॉरमॅटची जुनी आवृत्ती होती, लॅपटॉपांवर नवी. आवृत्ती बदलली की काही रचना वेगळ्या मांडल्या जातात, हे या साधनाचं सर्वज्ञात वागणं आहे. एका आवृत्तीच्या दृष्टीने जी फाइल पूर्ण होती तिला दुसरी आवृत्ती पुन्हा हलवायची.

## समोर असलेले पर्याय

नवा संगणक हा पर्याय मालकांच्या टेबलावर आधीच होता. त्याने पाऊण तासाचा अर्धा तास झाला असता. बाकी काहीच सुटलं नसतं.

एका ज्येष्ठ प्रोग्रॅमरने सीकॅश सुचवलं. ते मजकुरावरून ओळखतं की हेच पूर्वी कंपाइल केलेलं आहे आणि जुनं उत्तर परत देतं. म्हणजे वेळ हलली तरी कंपाइलचं ओझं जातं. साधन चांगलं आहे आणि इतरत्र मी ते सुचवतोही. पण इथे त्याने लक्षण झाकलं असतं. मेकने प्रत्येक फाइलसाठी आज्ञा चालवल्याच असत्या, शेवटची जोडणी दर वेळी झाली असती, आणि लिंका तुटतच राहिल्या असत्या, त्याही आता कुणाला संशय न येता.

स्क्रिप्ट फेकून देऊन प्रत्येकाने एडिटरमध्येच सेव्ह करताना फॉरमॅट करावं, असाही विचार आला. त्यात प्रत्येकाच्या लॅपटॉपवरची आवृत्ती आणि सेटिंग सांभाळण्याचा प्रश्न उरतो. गिटसोबत चालणारी क्लँग-फॉरमॅटची जोड फक्त बदललेल्या ओळीच मांडते, तिचाही विचार झाला. जुना, कधीही न मांडलेला कोड असेल तर ती वाट मला आवडते. इथे मोठी साफसफाई आधीच होऊन गेली होती, त्यामुळे तिचा फायदा उरला नव्हता.

उरला तो सरळ मार्ग: स्क्रिप्टला ‘बदल नको’ हे उत्तर नीट हाताळायला शिकवणं.

यात नवं काही नाही, आणि बैठकीत मी तेच आधी दाखवलं. जीसीसी या कंपाइलरच्या मूळ कोडमध्ये ‘मूव्ह-इफ-चेंज’ नावाची एक छोटी स्क्रिप्ट आहे. नवी फाइल जुनीशी ताडून पाहते, वेगळी असेल तरच जागी ठेवते. सीमेक या बांधणीच्या साधनात ‘कॉपी-इफ-डिफरंट’ याच कामाची आज्ञा आहे. गो भाषेचं मांडणीचं साधन गोफम्ट, लिहिण्याच्या पर्यायात मांडणी वेगळी असेल तेव्हाच फाइल नव्याने लिहितं. प्रीटिअर या जावास्क्रिप्टच्या मांडणी-साधनाच्या कोडमध्ये तर टिपणच आहे की फाइल बदलणार नसेल तर लिहायची नाही, नाहीतर वेळेवर अवलंबून असलेल्या कॅश (जपून ठेवलेली जुनी उत्तरं) निकामी होतात. जिथे जिथे अशी साधनं दीर्घकाळ वापरात टिकली तिथे हा धडा कुणीतरी आधीच शिकलेला दिसतो.

## काय केलं

पहिला निर्णय तांत्रिकदृष्ट्या छोटा होता. तात्पुरती फाइल आणि मूळ फाइल सीएमपी आज्ञेने ताडायच्या. बाइट न् बाइट सारख्या असतील तर तात्पुरती फाइल पुसायची आणि पुढे जायचं. त्याआधी आणखी एक तपासणी: क्लँग-फॉरमॅटने स्वतः चूक कळवली असेल, तर फाइलला हातच लावायचा नाही. जुन्या स्क्रिप्टमध्ये ही तपासणी नव्हती. शैलीच्या फाइलमध्ये एखादा चुकीचा शब्द पडला असता तर साधनाने काहीच न देता माघार घेतली असती आणि रिकामी तात्पुरती फाइल मुळाच्या जागी बसली असती.

दुसरा निर्णय, बदल असेल तेव्हा कसं लिहायचं हा. यावर बराच वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. एक मत असं की एमव्ही नको. मूळ फाइल उघडून तिच्यातच नवा मजकूर ओतावा, म्हणजे लिंक, परवानग्या, सगळं जागेवर राहतं. पण असं लिहिताना मध्येच वीज गेली तर फाइल अर्धवट राहते. पावसाळ्यात सांगलीत वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि त्या ऑफिसात यूपीएस फक्त बिल्डच्या संगणकाला होता. कमिट केलेलं गिटमधून परत मिळतं. दिवसभर लिहिलेलं आणि अजून कमिट न केलेलं मिळत नाही. एमव्हीचा गुण हाच की एकाच डिस्क-विभागात ते एका दमात होतं: जुनी फाइल तरी पूर्ण, नाहीतर नवी तरी पूर्ण.

शेवटी दोन्हीचा मेळ घातला. फाइल लिंक असेल तर आधी तिचा खरा पत्ता काढायचा. तात्पुरती फाइल त्या खऱ्या फाइलच्याच फोल्डरमध्ये तयार करायची. मुळाच्या परवानग्या तिला द्यायच्या. आणि मग खऱ्या पत्त्यावर एमव्ही करायची. लिंक जागेवर, लिहिणं एका दमात. शिवाय फाइंडच्या यादीतून लिंका वगळल्या, म्हणजे एकच फाइल दोनदा मांडली जायची नाही. पहिली खबरदारी तरीही ठेवली. उद्या कुणी स्क्रिप्टला थेट लिंकचंच नाव दिलं तर ती लागेल.

तिसरा निर्णय स्क्रिप्टने बोलावं किती, हा. जुनी स्क्रिप्ट प्रत्येक फाइलचं नाव घेऊन ‘फॉरमॅट केली’ असं छापायची. बदल झालेली आणि न झालेली यांत काही फरकच नाही. त्या लांबलचक यादीकडे लोकांनी पाहणं सोडून दिलं होतं. गोफम्टचा यादीचा पर्याय फक्त वेगळ्या असलेल्या फाइलींची नावं देतो. सगळं ठीक असेल तर काहीच छापत नाही. ब्लॅक हे पायथॉनचं साधन शेवटी एका ओळीत सांगतं की इतक्या फाइली बदलल्या, इतक्या तशाच ठेवल्या. मालकांना गोफम्टचा मौनपणा आवडला. टेस्टिंग पाहणाऱ्या मॅडमनी त्याला विरोध केला. त्यांचं म्हणणं, “सर, काहीच छापलं नाही तर सगळं ठीक होतं म्हणून गप्प, की फाइलीच सापडल्या नाहीत म्हणून गप्प, हे मला कसं कळणार?” मला त्यांचं पटलं. फोल्डरचं नाव चुकलं तर फाइंड रिकाम्या हाताने परततं, आणि मौनपणात ते ‘सगळं छान’ असं वाचलं जातं. ठरलं असं: नावं फक्त बदललेल्या फाइलींची, आणि शेवटी एक ओळ, किती तपासल्या, किती बदलल्या, किती तशाच राहिल्या, किती मुद्दाम वगळल्या.

‘तशाच राहिल्या’ आणि ‘वगळल्या’ हे वेगळे मोजायचे, हाही त्यांचाच आग्रह. दरपत्रकाचा तक्ता असलेली एक फाइल होती; फॅट उभं, एसएनएफ आडवं, संघाच्या छापील कागदासारखीच हाताने मांडलेली. तो तक्ता क्लँग-फॉरमॅटने विस्कटला की कागदाशी ताडणं अशक्य होतं. त्याच्या वर-खाली क्लँग-फॉरमॅट बंद आणि चालू करणाऱ्या खुणा घातल्या आणि अशा खुणा असलेल्या फाइली स्क्रिप्ट वेगळ्या मोजू लागली. साधनाने पाहून ‘ठीक आहे’ म्हटलेली फाइल आणि साधनाला पाहूच न दिलेली ओळ यांत मोठं अंतर आहे.

चौथा निर्णय, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा: फॉरमॅट बिल्डमधून काढून टाकलं. मेकच्या पहिल्या पायरीत स्रोत फाइली बदलणारं काहीही नको. प्रोग्रॅमर स्वतःहून स्क्रिप्ट चालवेल. कमिटच्या आधी आपोआप चालणाऱ्या हुकमध्ये आणि बिल्डच्या संगणकावर ती फक्त तपासणीच्या रूपात चालेल, जिथे ती एकही फाइल लिहीत नाही. संपताना ती आकड्यात देते ती उत्तरं तीन: शून्य म्हणजे कशालाच बदल नको, एक म्हणजे काही फाइलींना हवा, दोन म्हणजे साधनच अडखळलं. प्रीटिअरच्या तपासणीत हेच आकडे आहेत. ब्लॅकमध्ये आतली चूक १२३ ने कळते. आकडा कोणता हे गौण, पण ‘बदल हवा’ आणि ‘मला सांगताच येत नाही’ ही उत्तरं एकाच आकड्यात कोंबू नयेत.

आवृत्तीचा प्रश्न सरळ सुटला. सगळीकडे एकच क्लँग-फॉरमॅट बसवलं आणि स्क्रिप्ट सुरुवातीलाच आवृत्ती तपासते. वेगळी निघाली तर दोन देऊन थांबते. नव्या आवृत्तीने जी एकदाच मांडणी करायची होती ती वेगळ्या कमिटमध्ये, दुसरा कोणताही बदल न मिसळता केली. त्या कमिटचा क्रमांक ब्लेमने (कोणती ओळ कुणी बदलली ते सांगणारी गिटची आज्ञा) दुर्लक्षित करायच्या यादीत टाकला; ही सोय गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे.

कॅश ठेवावी का, यावर थोडं बोलणं झालं. प्रीटिअर आणि ब्लॅक, दोघांकडेही न बदललेल्या फाइली पुन्हा न तपासण्यासाठी कॅश आहे. इथल्या फाइली मोजक्या, सगळ्या तपासायला काही सेकंद पुरतात. कॅश म्हटली की साधनाची आवृत्ती किंवा शैली बदलल्यावर ती रद्द करायची जबाबदारीही आली. नको म्हणून ठरवलं.

आणि लिंक परत जोडली. जुन्या मॉडेलचं सॉफ्टवेअर नव्याने बांधून त्या उपकेंद्रावर पाठवलं.

## संस्थेला कधी सांगायचं

हा भाग तांत्रिक नाही, पण त्या आठवड्यातला सर्वात अवघड निर्णय हाच होता.

पावत्यांचा फोटो आला त्या दिवशी कारण माहीत नव्हतं. ज्येष्ठ प्रोग्रॅमरचं मत होतं की आधी कारण शोधू, नेमके किती दिवस आणि किती जणांचे दर चुकले ते काढू, मग एकदाच नीट सांगू. अर्धवट सांगितलं तर गावात यंत्रावरचाच विश्वास उडेल. मालक अस्वस्थ होते. त्यांचं स्वतःचं घर दुधावर वाढलेलं. ते म्हणाले, “बिलाची तारीख जवळ आलीये. चुकीच्या दराने बिल निघालं तर मागून कितीही सुधारा, गावात एकदा ‘मापात गडबड’ असं झालं की झालं.”

त्यांनी त्याच संध्याकाळी सचिवांना फोन करून सांगितलं की जुन्या मॉडेलवर कपात जास्त लागतेय, कारण शोधतोय, तोवर मळ्यातल्या केंद्राचं बिल रोखून धरा. माझ्या मते हे बरोबर होतं. कारण सापडायला वेळ लागला. तेवढ्यात बिलं निघून गेली असती. नंतर जुन्या यंत्रांमधल्या नोंदी काढून प्रत्येक पावतीचा दर पुन्हा मोजला आणि आधीच्या बिलांतला फरक पुढच्या बिलात वेगळी ओळ दाखवून दिला. ती ओळ वेगळी दाखवण्याचा आग्रह सचिवांचा होता, आणि तो रास्तच.

## निष्पत्ती

छोट्या बदलाचा बिल्ड पुन्हा मिनिटाभरात होऊ लागला. नव्या संगणकाचं कोटेशन बाजूला ठेवलं गेलं. त्या पैशांतून सगळ्या टेबलांना यूपीएस घेतले. तुटलेल्या आणखी लिंका शोधल्या तेव्हा पावतीच्या छपाईशी संबंधित एक सापडली. तिच्या दोन्ही प्रती सुदैवाने अजून सारख्या होत्या.

ओळी पुढेमागे हलणं थांबलं. गिटचा इतिहास वाचता येऊ लागला, कारण एखादी फाइल यादीत आली तर तिच्यात खरंच काही बदललंय असं आता मानता येतं.

## काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट पहिल्याच दिवशी करण्यासारखी होती: स्क्रिप्ट लागोपाठ दोनदा चालवायची आणि दुसऱ्या फेरीत एकाही फाइलची वेळ हलली नाही हे पाहायचं. गिटची स्थिती पाहून भागत नाही. वेळच पाहावी लागते. ही चाचणी आता त्यांच्याकडे कायमची आहे: एक फेरी, मग सगळ्या फाइलींच्या वेळा टिपणं, मग दुसरी फेरी, मग ताडणं. दुसऱ्या फेरीत मजकूर बदलला तर साधन स्वतःशीच सहमत नाही आणि फक्त वेळ बदलली तर स्क्रिप्ट उगाच लिहितेय, असे दोन वेगळे दोष त्यातून वेगळे कळतात. ब्लॅक अशी दुसरी फेरी स्वतःच आतल्या आत मारून पाहतं.

मोठ्या साफसफाईचं कमिट माणसाने वाचून तपासायचं नसतं. ते अशक्यच आहे. त्याऐवजी साधनाकडून तपासून घ्यायचं. स्पेस दुर्लक्षून फरक किती उरतो, आणि प्रकार बदललेली फाइल आहे का, एवढं गिटला विचारलं असतं तरी ते ‘टी’ एकटं समोर आलं असतं. हुकमध्ये आता प्रकार बदललेली फाइल दिसली की कमिट अडतं, आणि ते सोडवायला दुसऱ्याची संमती लागते.

कपातीचे नियम लिंकवर टांगून ठेवावेत का, यावर आमचं एकमत झालेलं नाही. माझं मत, दोन्ही मॉडेलांसाठी एक सामाईक फोल्डर करावा आणि कंपाइलरला त्याचा पत्ता द्यावा. लिंक हवी कशाला? ज्येष्ठ प्रोग्रॅमरना जुन्या मॉडेलचा मेकफाइल हलवायची भीती वाटते, कारण त्यावर अजून बरीच केंद्रं चालतात आणि तो लिहिणारा माणूस आता कंपनीत नाही. तूर्त लिंक आहे. तिच्यासोबत एक चाचणी जोडली आहे, जी दोन्ही मॉडेलांच्या प्रोग्रॅमना फॅट आणि एसएनएफच्या त्याच जोड्या देते आणि दर जुळतात का पाहते. त्या जोड्यांत ३.५ आणि ८.३ सुद्धा आहेत.